माझाच विश्वास कमी पडून राहिला का?

या वेळचं पत्र नागपुरातल्या मोहननगरच्या एका ताईंचं आहे. नाव छापू नका म्हणाल्या म्हणून नाव नाही. चार पानांचं पत्र आहे, त्यातलं मुख्य तेवढं देते.

‘मिस्टर बुटीबोरीला एका कारखान्यात बारा वर्षं होते. मागच्या वर्षी कारखाना बंद झाला तेव्हापासून घरीच आहेत. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, त्यावर चाललंय. मोठ्याची नववीची फी बाकी आहे. उन्हाळ्यात बाहेरचे एक प्रचारक आले होते, त्यांनी मिस्टरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, परमेश्वर म्हणतो तीन महिन्यांत दुप्पट पगाराची नोकरी लागेल. पाच महिने झाले. आता फोन येतात की तुम्ही विश्वासाचं बी पेरलं नाही म्हणून काम अडलंय, अकरा हजार पाठवा. आईने दिलेले कानातले आहेत माझ्याकडे, मोडू का? गुरुवारच्या कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनेला, सगळ्या साक्ष देतात, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात, माझी पाळी आली की मी चहा बघायच्या निमित्ताने आत निघून जाते. प्रार्थनेला बसलं की रडू पण येत नाही, नुसती झोप येते. मिस्टरांनी चर्चला यायचं बंद केलंय, दिवसभर मोबाईल घेऊन पडून असतात, परवा म्हणाले मी गेलो तर विम्याचे पैसे तरी येतील तुम्हाला. लहानपणापासून ऐकत आले की देव विश्वासू आहे. मग आमच्याच बाबतीत असं का? माझाच विश्वास कमी पडून राहिला का?’

ताई, ख्रिस्ताच्या नावाने सलाम.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे येते, पण आधी विम्याच्या पैशांबद्दल मिस्टर जे बोलले ते, कारण ते तुम्ही फीच्या अन् मोबाईलच्या मधे सहज लिहून गेल्या आणि मला मात्र तिथून पुढे वाचवेना. असं बोलणं सोडून द्यायचं नसतं. आजच, मुलं झोपली की, त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का? असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात जातो असं लोकांना वाटतं पण तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ते हो म्हणाले किंवा नुसते गप्प राहिले तरी त्यांना एकटं सोडू नका, घरात उंदराचं औषध, फवारणीचं औषध, झोपेच्या गोळ्या असं काही असेल तर बाहेर काढा, आणि टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण चालू असतं, मराठीत बोलतात. दुसऱ्या दिवशी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या, मानसोपचार ओपीडीत दोघं मिळून जा. आणि आत्ताच काही करतील अशी भीती वाटली तर सकाळची वाट पाहू नका, तशाच रात्री कॅज्युअल्टीत घेऊन जा. चर्चमध्ये कुणी म्हणेल की डॉक्टर कशाला, प्रार्थना करा. दोन्ही करा. शुगरची गोळी घेताना आपला विश्वास आडवा येत नाही, मग इथेच काहून यावा?

अन् मिस्टरांना वाटत असेल की असा विचार आला म्हणजे आपण ख्रिस्ती म्हणून संपलो, तर त्यांना बायबलमधलं १ राजे १९ वाचून दाखवा. एलिया संदेष्टा, नुकताच कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहून आलेला माणूस, एका बाईच्या धमकीने जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो परमेश्वरा, आता पुरे झालं, माझा प्राण घे. आणि झोपून जातो. आता देवाने काय केलं ते नीट बघा. रागावला नाही, तुझा विश्वास कुठे गेला असं विचारलं नाही, अग्नीची आठवण पण करून दिली नाही. एक देवदूत पाठवला, त्याने हात लावून उठवलं, म्हणाला ऊठ, खाऊन घे. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती, आपल्याकडे गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतात ना तशीच गरम असेल, आणि पाण्याची सुरई. त्याने खाल्लं, पाणी प्यायला, परत झोपला. देवाने झोपू दिलं! मग दुसऱ्यांदा उठवलं, परत खायला घातलं, आणि कारण सांगितलं की पुढचा रस्ता तुला झेपणारा नाही. तू दमलायस हे देवाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. बोलणं, प्रश्न, पुढचं काम, हे सगळं होरेब डोंगरावर, म्हणजे चाळीस दिवसांनी.

म्हणून प्रार्थनेला बसल्यावर झोप येते त्याचं तुम्ही मनाला लावून घेतलंय ते सोडा. दिवसभर मशीनवर वाकलेली बाई रात्री साडेदहाला गुडघे टेकते आणि तिला झोप लागते, यात पाप कुठे आहे? एक वाक्य म्हणा, प्रभू तू बघून राहिलास, आणि झोपून जा.

आता विश्वास कमी पडतोय का. ताई, तुम्ही पत्रात तीनदा हा प्रश्न विचारलाय, आणि तीनही वेळा तुमची नजर स्वतःकडेच आहे, माझा विश्वास किती, माझी प्रार्थना कशी, मला रडू का येत नाही. देव विश्वासू आहे या वाक्यात तुमच्या विश्वासाचा हिशोबच नाहीये. प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, तुरुंगातून लिहितो की आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःलाच नाकारता येत नाही (२ तीमथ्य २:१३). म्हणजे त्याचं विश्वासू असणं त्याच्या स्वभावात आहे, तुम्ही सकाळी किती वाजता उठून किती वेळ प्रार्थना केली त्यावर ते वरखाली होत नाही. मार्क ९ मधला तो बाप आठवा, मुलाला घेऊन येशूकडे आलेला, तो ओरडून म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास काढून टाका. एकाच श्वासात दोन्ही. येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हणून परत पाठवलं नाही, पोरगा तिथल्या तिथे बरा केला.

आणि रडण्या-भांडण्याची तर बायबलमध्ये पूर्ण मुभा आहे, आपणच चर्चमध्ये ती बंद करून टाकली. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे वचन आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर आहे, पण ते विलापगीतातलं आहे, यरुशलेम जळून गेल्यावरचं. त्याच तिसऱ्या अध्यायात त्या वचनाच्या आधीची वीस वचनं वाचून बघा, तो माणूस म्हणतो देवाने मला अंधारात चालवलं, माझी वाट दगडांनी अडवली, खडे चावायला लावून माझे दात पाडले. हे सगळं देवाच्या तोंडावर बोलून झाल्यावर मग तो दयेकडे येतो. आणि पुस्तक तिथे संपत पण नाही, शेवटच्या ओळीत परत तेच दुखणं आहे की तू आम्हाला कायमचं टाकलंस का. पवित्र शास्त्राने हे सगळं ठेवून घेतलं. तुम्हाला देवाशी भांडावंसं वाटत असेल तर भांडा ताई, ज्याच्यावर भरवसाच उरला नाही त्याच्याशी कुणी भांडत नाही.

त्या प्रचारकाबद्दल मी स्पष्ट बोलते. कानातले मोडू नका. अकरा हजार काय, अकरा रुपये पण पाठवू नका आणि तो नंबर ब्लॉक करा. यात देवाचा अपमान वगैरे काही नाही. दुसरा करिंथ ९:७ मध्ये साफ आहे की प्रत्येकाने मनात ठरवलं तसं द्यावं, नाइलाजाने किंवा जबरदस्तीने नाही. हे लोक नेहमी सारफथच्या विधवेची गोष्ट सांगतात, तिने शेवटच्या पिठाची भाकर आधी संदेष्ट्याला दिली म्हणून तिचं पीठ सरलं नाही, तुम्ही पण द्या. त्यांना म्हणावं गोष्ट पुढे वाचा. तो संदेष्टा म्हणजे हाच एलिया, तो भाकर घेऊन पुढच्या गावाला निघून गेला नाही, दुष्काळात त्या विधवेच्या घरीच राहिला, त्याच मडक्यातलं खाल्लं, आणि तिचा मुलगा मेला तेव्हा त्या पोराला उचलून माडीवर नेऊन देवाकडे आक्रोश केला. तुमच्या या प्रचारकांनी एकदा तरी फोनवर विचारलं का की ताई, घरात आज काय शिजलं?

तीन महिन्यांच्या भविष्यवाणीचं सांगते, कारण मला वाटतं खरी जखम तिथे आहे. नोकरी गेली ते दुःख होतंच, पण देवाच्या नावाने तारीख दिली आणि ती तारीख उलटून गेली, तेव्हापासून मिस्टर पडून आहेत, बरोबर ना? यिर्मया २८ आणि २९ लागोपाठ वाचा. बाबेलचा राजा लोकांना पकडून घेऊन गेला होता आणि हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर म्हणाला, परमेश्वर म्हणतो दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया, तोही संदेष्टाच, म्हणाला आमेन, तसंच होवो, म्हणजे त्यालाही तेच हवं होतं. पण देवाने त्याला सांगितलं की हनन्याला मी पाठवलंच नाही. मग यिर्मयाने बाबेलला पत्र लिहिलं, घरं बांधा, त्यात राहा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्या शहरासाठी प्रार्थना करा, सत्तर वर्षं लागतील. आणि त्याच्या लगेच पुढे ते वचन आहे जे निम्म्या नागपुरातल्या ख्रिस्ती घरांत कॅलेंडरवर आहे, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. अकरावं वचन आपण फ्रेम करतो, दहाव्यातले सत्तर वर्षं कुणी फ्रेम करत नाही. पत्र ऐकणाऱ्यांपैकी जे पन्नाशीचे होते ते परत जाणारच नव्हते, आणि तरी देवाने त्यांनाच लिहिलं की माझे संकल्प हिताचे आहेत. खोटा संदेष्टा जवळची तारीख देतो, देवाने बाग लावायला सांगितलं.

मिस्टर रोज कंपनीत जायचे तिथून टाकळघाट जवळच आहे. तिथे ४ सप्टेंबर १८६३ ला मिशनरी स्टीफन हिस्लॉप पुराच्या पाण्यात वाहून गेले. १८४५ मध्ये नागपूरला आलेला माणूस, इथे शाळा काढली, इथले दगड-जीवाश्म अभ्यासले, गोंड लोकांची भाषा अन् रीतीभाती लिहून ठेवल्या, आणि एका नाल्याला आलेल्या पाण्यात संपला. त्यांच्या घरच्यांना तेव्हा कुणी म्हणालं असतं का की तुमचा विश्वास कमी पडला? त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये सुरू झालं, वीस वर्षांनी, त्यांनी ते पाहिलंच नाही, आणि आज आपल्यातल्या कितीतरी घरांतली पहिली ग्रॅज्युएट तिथून निघाली.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. लहान वयात दुष्काळात आई-वडील, मोठी बहीण डोळ्यासमोर गेले, उपासमारीने. ते ख्रिस्ताकडे येण्याच्या आधीचं आहे, त्याचं मी काही वचन बनवणार नाही. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या आपल्या मध्य प्रांतात आल्या, उपाशी मुली गोळा केल्या आणि घेऊन गेल्या. भूक काय असते हे पुस्तकात वाचून त्या आल्या नव्हत्या. त्या मुलींच्या दृष्टीने विचार करा, त्यांनी कदाचित देवाचं नाव पण घेतलं नसेल, त्यांच्याकडे देवाचा विश्वासूपणा एका पांढऱ्या लुगड्यातल्या बाईच्या रूपाने बैलगाडीच्या वाटेने आला. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, मधल्या काळात मराठी बायबलचं काम पुरं केलं. विश्वास असला की घरावर काही येत नाही असं ज्यांना शिकवायचं आहे त्यांनी आधी रमाबाईंना काय उत्तर देणार ते सांगावं.

माझे मिस्टर आयसीयूत होते तेव्हा चर्चमधले बरेच लोक आले, हात वर करून प्रार्थना केल्या, चांगले लोक होते, कुणाचा दोष नाही. पण मला जी आठवते ती आमच्याच गल्लीतली एक मावशी, ती आली, डबा ओट्यावर ठेवला, सिंकमध्ये कालपासूनची भांडी पडली होती ती पदर खोचून घासायला लागली, मी नको नको म्हणत राहिले तर म्हणाली तू चहा घे. कढई जळलेली होती, तिने चिंच लावून घासली. जाताना दारात चपला घालताना म्हणाली उद्या पण येते, भाजी चिरून ठेवू नको, मीच आणते. प्रार्थना केली नाही तिने, निदान मोठ्याने नाही. पण देव सोबत आहे हे मला त्या आठवड्यात दिसलं ते त्या कढईत. तुमच्याकडे पण असं कुणी येऊन गेलं असेल ताई, बघा आठवून, कापडाचे पैसे दुकानदाराने पुढच्या महिन्यावर टाकले असतील, शेजारणीने कुठलंसं गिऱ्हाईक पाठवलं असेल. नोकरी हे एकच उत्तर डोळ्यासमोर धरलं की बाकीचं दिसतच नाही. आणि कुणीच आलं नसेल तर ती तुमच्या विश्वासाची नाही, आम्हा चर्चवाल्यांची चूक आहे. तुमच्या पाळकांना घरची खरी परिस्थिती सांगा, मदत मागा, मागण्यात लाज नाही.

मिस्टरांना चर्चला चला चला म्हणून मागे लागू नका. दर रविवारी चार जण विचारणार, लागलं का कुठे? माणूस कसा येईल? मार्क २ मध्ये पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे आत जाता येईना तर छप्पर उसकून खाली सोडतात, आणि तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे त्या चौघांचा. बाजेवरचा माणूस काय विचार करत होता ते मार्क सांगत पण नाही. मिस्टर सध्या बाजेवर आहेत. त्यांच्या वाटचा विश्वास तुम्ही ठेवा, तुम्ही थकलात की दुसऱ्या कुणी ठेवावा, त्यासाठी त्यांचा एखादा जुना मित्र, चर्चचा किंवा कंपनीचा, त्याला गुपचूप फोन करून घरी बोलवा, वचन सांगायला नाही, नुसतं टपरीवर तर्री पोहे खायला घेऊन जायला.

आणि एक काम जे प्रार्थनेइतकंच धार्मिक आहे. बारा वर्षांच्या नोकरीचा हिशोब पूर्ण मिळाला का, हे तुम्ही लिहिलं नाही. पाच वर्षं सलग सर्व्हिस झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क असतो, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. ते कामगार वर्गात मोडत असतील तर कारखाना बंद झाल्याची भरपाई वेगळी. पीएफ वेगळा. अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, बँक पासबुक एका फाईलमध्ये लावा आणि कामगार आयुक्त कार्यालयात जा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बायकांना आणि औद्योगिक कामगारांना फुकट वकील मिळतो. देवावर सोडून दिलंय म्हणून हक्काचे पैसे सोडायचे नसतात, याकोब ५:४ मध्ये मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते असं लिहिलंय, म्हणजे तो तुमच्याच बाजूने ऐकून राहिलाय. फाईल लावायचं काम मिस्टरांना द्या, त्यांना दिवसाकाठी काहीतरी हातात असेल. शाळेत मात्र तुम्ही जा, फोन नको, मुख्याध्यापकांना भेटा, हप्ते मागा आणि ते लेखी घ्या.

गुरुवारची साक्ष. स्वयंपाकघरात जाऊ नका या वेळी. नोकरी लागल्यावरच साक्ष होते असं कुणी ठरवलं? तुमच्या त्या खोलीत अजून दोघी तरी अशा असतील ज्यांच्या घरी काहीच हललेलं नाही आणि त्या दुसऱ्यांच्या आनंदाला टाळ्या वाजवून घरी जाऊन रडतात. पाळी आली की उठा आणि म्हणा, आमच्याकडे अजून काही झालं नाही, मला प्रार्थना जमत नाहीये, तुम्ही माझ्यासाठी करा. एवढंही जमलं नाही तर बायबल उघडून स्तोत्र १३ वाचा, सहाच वचनं आहेत, ‘हे परमेश्वरा, किती वेळ’ पासून सुरू होतं. वाचा आणि बसून जा.